महाडचे तळे आणि धर्मातील नियम

कुंभिवलीच्या आसपास 'महड' म्हटले की वरदविनायकाचे महड असे समजतात. मला बोलावयाचे आहे ते एका कान्याच्या अंतरावरील महाडाविषयी. दोन्ही एकाच जिल्ह्यातील. पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड. धर्म माणसाचे नीतिविषयक निर्णय कसे घडवितो, हे महाडच्या चवदार तळ्यावर जसे दिसले तसे क्वचितच दिसते.

तळे नगरपालिकेचे होते. तेथे मुसलमान पाणी भरीत. अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना मात्र बंदी. 1923 च्या बोले ठरावाला अनुसरून 1924 मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेस जमलेली मंडळी तळ्यावर जाऊन पाणी प्याली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि त्यांना मारहाण झाली. पुढे पंचगव्य व मंत्र यांनी तळ्याची शुद्धी करण्यात आली.

येथे थोडे थांबले पाहिजे. विधी झाला तो पाणी प्याल्याचा विटाळ काढण्यासाठी. डोकी फुटल्याचा दोष त्या विधीच्या हिशेबात नव्हता. शुद्धी करणारे सारे दुष्ट होते, असे मला वाटत नाही. काय करावे हा प्रश्नच त्यांना पडला नाही; नियमाने उत्तर आधीच देऊन ठेवले होते. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या 1936 च्या निबंधात आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला, तो हाच. नियम कृती सांगतो. तत्त्व विचार करावयास लावते आणि जबाबदारी माणसावर टाकते.

ती जबाबदारी घेणारेही महाडातच दिसले. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळण्यात आली. त्यात पुढाकार घेणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. सत्याग्रहास सिद्ध झालेल्या हजारो प्रतिनिधींना आंबेडकरांनी थांबविले. मार खाल्लेल्यांना असे सांगणे मला मनुस्मृतिदहनापेक्षाही अवघड वाटते.

नगरपालिकेने आपला ठराव ऑगस्टमध्येच मागे घेतला होता. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. ही बंदी अनादि काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला.