ओटीचा नारळ

आजीची चुलत बहीण, आमची धाकटी आजी, आगाशीला दिलेली. स्वातंत्र्याच्या आगेमागे, तिसऱ्या बाळंतपणानंतर तिची झोप उडाली. रात्री उठून ती बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर बसे, बाळाला जवळ घेईना. भगत झाला, अंगारा झाला, जीवदानीला नवस झाला. घरच्यांना पाण्याची भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी तिचे भाऊ म्हणाले, महालक्ष्मीच्या दर्शनाला नेतो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पिशवीत ओटीचं सामान घेतलं. गाडीने खाडी ओलांडली. महालक्ष्मी काही आली नाही. इस्पितळाच्या फाटकाशी कोणीतरी पिशवी घेतली. नारळ आत चालत नाही म्हणे.

आगाशी वसई तालुक्यातली. वसई 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती आणि ठाण्याला 1901 पासून नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं मनोरुग्णालय. त्यामुळे आम्ही पोरंसुद्धा भांडताना एकमेकांना ‘ठाण्याला’ पाठवत असू. धाकट्या आजीला कुठल्या इस्पितळात ठेवलं होतं, ते मात्र आजीने कधीच सांगितलं नाही. ‘खाडीपलीकडे’ एवढंच.

तेव्हा 1912 चा ल्युनसी अ‍ॅक्ट होता. नातेवाइकाने अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा. उगाच कोणाला डांबू नये म्हणूनच हे कागद. पण माणसाला काय सांगून आणलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आत गेल्यावर तिचे केस कापले. बांगड्या उतरवल्या, लुगड्याऐवजी जाडंभरडं पांढरं काहीतरी दिलं. कोणी मुद्दाम छळलं असं ती कधी म्हणाली नाही. उवा होतात, काच लागते, कारणं असतील. पण त्या काळच्या बाईला केस, बांगड्या आणि पांढरं कापड यांचा एकच अर्थ ठाऊक. नवरा गेला, आणि ते तोंडाने सांगायला कोणी धजत नाही, म्हणून दर्शनाची थाप मारून आपल्याला इथे आणलं, असा हिशेब तिने मांडला. मला तरी त्यात वेडसर काही दिसत नाही. ती सुतकात बसली, जेवेना. पुढे नवरा भेटायला आला, तेव्हा त्याला पाहून किंचाळली. अजून बरी नाही, असं समजून तो तसाच परतला. त्या एका किंकाळीपायी मुक्काम किती लांबला, कोण जाणे.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यात सक्तीने मुंडण करायला बंदी आहे, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. बाईला तिच्या संमतीशिवाय भरती केलं, तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. हे कलम मी वाचलं तेव्हा धाकटी आजी नव्हती.

ती घरी आली, पण सणाला पानं वाढायचं काम तिच्याकडे पुन्हा आलं नाही. बाळ जावेला आई म्हणू लागलं होतं.

मी कॉलेजात असताना शेजारच्या मुलाला असंच न्यायचं ठरलं. मामाकडे जातोय, असं त्याला सांगणार होते. धाकटी आजी काठी टेकत त्यांच्या ओटीवर गेली.

‘‘कुठे नेताय ते खरं सांगा त्याला.’’

‘‘काकी, खरं सांगितलं तर तो यायचा नाही.’’

‘‘नाहीच यायचा. उद्या परत सांगा.’’