वहीतले नाव, काउंटरवरचा नंबर

विरारमधल्या मोठ्या दुकानांत हल्ली पैशांच्या आधी नंबर मागतात. ‘नंबर बोला’ किंवा ‘मोबाईल नंबर बताइए’. चाळीस रुपयांचा साबण घेतला तरी हेच. मागे रांग असते, घरी जायची घाई असते, आणि आपण दहा आकडे मोठ्याने सांगून मोकळे होतो. रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू जातात. तरुण मुलींना आपला नंबर असा चारचौघांत म्हणावा लागतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, कायदा नाही. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाची नोंद ठेवायची ही रीत कुठून आली, हे शोधू लागले तेव्हा बरेच काही हाती आले.

आपल्या आजोबांच्या काळात वाण्याकडे नाव लिहिले जाई ते उधारीच्या वहीत. रोख देणाऱ्याचे नाव लिहायचे कारणच नव्हते. दुकानदाराने माल आधी दिला, पैसे पगार झाल्यावर यायचे, म्हणून नोंद. उधारी फिटली की त्यावर काट. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, नेमकी याच व्यवहाराबद्दल आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. मुदतीची उधारी लिहून ठेवावी, साक्षीदार घ्यावेत, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ नये, असे त्यात येते. मात्र हातोहात होणाऱ्या देवघेवीला लिहिण्यातून सूट दिली आहे. हा तपशील वाचताना आपण सहसा थांबत नाही. माझ्या मते थांबायला हवे.

रोख खरेदीतही नोंद झाली, पण तिथेही गिऱ्हाइकाला काही मिळत होते. इंग्लंडच्या रॉचडेल गावात १८४४ साली विणकर आणि इतर कामगारांनी एकत्र येऊन सहकारी दुकान काढले. सभासदाने किती खरेदी केली याची नोंद राही, कारण त्या प्रमाणात त्याला नफ्यातला वाटा मिळे. म्हणजे यादीत नाव असलेला माणूस दुकानाचा मालकही होता. सहकाराचा हा विचार आपल्याकडेही रुजला. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार त्याच कुळातला. त्याआधी, मे १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत मुंबईत रेशनिंग आले. घरात माणसे किती हे सरकारला सांगावे लागले, पण त्या बदल्यात धान्य मिळाले.

नव्वदच्या दशकात गणित बदलले. ब्रिटनच्या टेस्को कंपनीने १९९५ मध्ये क्लबकार्ड आणले. पॉइंट गोळा करा, सवलत मिळवा. गिऱ्हाइकाला मिळाले थोडेसे पैसे, कंपनीला कळले कोणते घर काय खाते, कधी घेते, किती खर्च करते. मुंबईतल्या मोठ्या दुकानांतही अशी कार्डे आली. तरी कार्ड घ्यायचे की नाही हे आपल्या हातात होते, आणि ते घरी विसरताही येत होते. मोबाईल नंबर विसरता येत नाही. तोच बँकेत, तोच आधारला, तोच मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर. कार्डाची जागा नंबराने घेतली आणि मागणारा आता सवलतीचे नावही काढीनासा झाला.

गिऱ्हाइकांची अशी यादी पुढे कुठे जाते? अमेरिकेत रेडिओशॅक नावाची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने होती. साध्या बॅटऱ्या घेतल्या तरी ते लोक नाव-पत्ता विचारत, याबद्दल त्यांची थट्टा होई. २०१५ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि विकायच्या मालमत्तेत ग्राहकांची यादीही निघाली. सुमारे ११.७ कोटी लोक! टेक्साससह अनेक राज्यांनी हरकत घेतली, तेव्हा कुठे त्यातली बहुतेक माहिती नष्ट करायचे ठरले. दुकान बुडाले, यादी मात्र विकाऊ माल म्हणून शिल्लक राहिली होती.

आपल्याला यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने केली आणि १९९८ मध्ये अहवाल दिला. मुसलमानांवरचे हल्ले आखीव होते आणि हल्लेखोरांच्या हातात दुकानांच्या व मतदारांच्या याद्या होत्या, अशी नोंद त्यात आहे. त्यानंतर मुंबई सोडून मुंब्रा, मीरा रोड आणि त्याही पुढे आलेल्या कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको. मतदार यादी काही दंगलीसाठी तयार झाली नव्हती. मतदानासाठी झाली होती, चांगल्या कामासाठी. वापरणारे हात बदलले.

साबणाच्या बिलाची तुलना मी दंगलीशी करते आहे, असा अर्थ कृपया काढू नका. काउंटरवरच्या मुलीच्या मनात काही नसते. तिला वरून सांगितलेले असते. पण आपल्या देशात नाव म्हणजे नुसते नाव नसते. शेख, डिसोझा, म्हात्रे: विरारमध्ये आडनाव ऐकले की समोरचा बरेच काही समजून घेतो, घर भाड्याने शोधणाऱ्यांना विचारा. नंबरवरून नाव दाखवणारी ॲप आता सगळ्यांच्या फोनवर आहेत.

योगायोग पाहा. त्याच श्रीकृष्णांना २०१७ मध्ये केंद्र सरकारने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा कसा असावा हे सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष नेमले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. समितीचा अहवाल २०१८ च्या जुलैमध्ये आला. कायदा व्हायला मात्र २०२३ चा ऑगस्ट उजाडला, आणि तोही समितीच्या मसुद्यापेक्षा बराच वेगळा. सरकारी यंत्रणांना त्यात दिलेली सूट मला खटकते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्षाची मुदत आहे.

दुकानापुरते मात्र तेवढे थांबायचे कारण नाही. मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल नाही असे म्हणणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच व्यापारी संघटनांना कळवले होते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथांमध्येच मोडते. ‘जीएसटीसाठी लागतो’ हे उत्तर मला एकदा मिळाले होते. दुकानात येऊन पन्नास हजारांच्या आतली खरेदी करणाऱ्या साध्या ग्राहकाचे नाव-पत्ता बिलावर असलाच पाहिजे, असे जीएसटीचे नियम म्हणत नाहीत. नंबर तर दूरच. अडवणूक झाली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

नव्या कायद्यात भाषांच्या शिक्षिकेला आवडलेले एक कलम आहे. माहिती घेण्याआधी ती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना ग्राहकाला इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी त्याला हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, उर्दूही आहे. आमच्या भागातल्या कुठल्याच काउंटरवर अशी सूचना मी अजून पाहिलेली नाही. तोवर मी ‘नंबर नाही देत, कागदी बिल द्या’ एवढेच सांगते, आणि दहापैकी आठ वेळा बिल निमूटपणे निघते.