कंटेनरमधील माउंट-नियम
लिनक्स कंटेनरला कोणती फाइल-सिस्टम, कुठे आणि कोणत्या पर्यायांसह जोडता (माउंट करता) येईल, हे ठरवणारे निर्बंध. कंटेनर म्हणजे वेगळे यंत्र नव्हे; कर्नल मूळ यंत्राचाच असतो. त्यामुळे आतल्या रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) हवे ते माउंट करू दिले, तर भिंत नावापुरतीच उरते.

माउंटची यादी वेगळी ठेवणारी माउंट नेमस्पेस लिनक्समध्ये २००२ साली आली. पण यादी वेगळी असली, तरी तिच्यात काय घालावे याला ती आडकाठी करत नाही. ते काम ॲपआर्मर, एसईलिनक्स, सेककॉम्प या कर्नलमधल्या सुरक्षा-यंत्रणांचे.

ॲपआर्मर फाइल ओळखते ती पाथवरून, आणि खरी गोम इथेच आहे. प्रॉक फाइल-सिस्टममधल्या ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलीत रूटने एक अक्षर लिहिले, तरी अख्खे यंत्र रीबूट होऊ शकते; म्हणून एलएक्ससी या कंटेनर-साधनाच्या ॲपआर्मर प्रोफाइलमध्ये त्या पाथला मनाई असते. तीच प्रॉक दुसऱ्या फोल्डरवर जोडली, की पाथ बदलतो आणि मनाई फोल ठरते. जळगावहून धुळ्याला निघालेल्या गाडीसाठी पारोळ्याला नाका लावावा आणि ती अमळनेरवरून निघून जावी, तशातली गत. सबब, प्रॉक तिच्या ठरल्या जागीच जोडता येईल, हा नियम सोबत लागतोच. २०१५ मध्ये एलएक्ससीत हाच दोष सापडला (सीव्हीई-२०१५-१३३५): माउंटच्या जागी आधीच सिम्बॉलिक लिंक ठेवली, की कंटेनर सुरू होताना माउंट भलतीकडे वळे. २०२१ मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या साधनातही याच जातीची चूक निघाली.

कर्नल ३.८ (२०१३) पासून साधा वापरकर्ताही यूजर नेमस्पेसमध्ये ‘रूट’ होऊ शकतो. त्याला मात्र मोजक्याच फाइल-सिस्टम जोडता येतात. प्रॉक, टीएमपीएफएस चालतात. फ्यूजला २०१८ मध्ये आणि ओव्हरलेला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. डिस्कवरच्या एक्स्ट४ला अजून नाही, आणि ते योग्यच: मुद्दाम बिघडवलेली डिस्क-इमेज वाचताना कर्नलच हल्लेखोराच्या हाती जाऊ शकतो.

होस्टचे फोल्डर आत देणारा बाइंड माउंट केवळ-वाचन ठेवणे, ‘नोसूइड’, ‘नोडेव्ह’ हे पर्याय लावणे, ही नेहमीची शिस्त. डॉकर या कंटेनर-साधनाच्या सॉकेटपुढे ती चालत नाही. सॉकेट केवळ-वाचन म्हणून जोडले तरी त्यावरून डॉकरला हुकूम देता येतात आणि होस्टची मूळ डिरेक्टरी जोडलेला नवा कंटेनर उभा करता येतो.