उंबरठ्याबाहेर थांबलेला कायदा

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो; परंतु तेथील अनेक गरीब घरांच्या चुली बिडीच्या मजुरीवरही पेटत आल्या आहेत. उन्हाळ्यात रानातून तेंदूपत्ता तोडावा आणि एरवी पान कापून, तंबाखू भरून, दोऱ्याने बांधून बिड्या वळाव्यात, असा हा जोडधंदा. मजुरी मिळे ती हजार बिड्यांमागे. बालमजुरीचे मूळ या हिशेबातच होते. हजाराचा आकडा लवकर पुरा व्हावा म्हणून आईच्या सुपाशी मुलांचेही हात लागत.

हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, शरीर व मन पुरेसे विकसित होण्यापूर्वी मुलांना कारखान्यात धाडू नये, असे बजावले. परंतु कायद्याची दृष्टी यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुरती होती. बिडीला यंत्र लागतच नाही. सूप, कात्री आणि पान पुरते.

१९३१ मध्ये व्हिटली आयोगाने या अनियंत्रित धंद्यांतील मुलांची दुःस्थिती मांडली. पाच वर्षांची मुलेही दहा-बारा तास राबताना त्याला आढळली होती. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. त्या प्रांताने १९३७ मध्ये बिडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. पाठोपाठ १९३८ चा केंद्रीय कायदा व त्याची १९३९ ची दुरुस्ती आली. बिडीच्या कार्यशाळांत बारा वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी झाली. मात्र केवळ स्वतःच्या कुटुंबाच्या साहाय्याने चालणारे काम तीतून वगळले गेले.

ही फट पुढेही राहिली. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने चौदा वर्षांखालील बालकांना औद्योगिक जागेत मनाई केली. पण ‘औद्योगिक जागा’ या व्याख्येतून राहते घर वगळले. १९८६ च्या कायद्याने बिडी वळणे निषिद्ध कामांच्या यादीत घातले, तरी कुटुंबाची सवलत ठेवलीच. मालकाला मग कारखान्याची गरज उरली नाही. ठेकेदाराने पान-तंबाखू घरोघर पोहोचवावी आणि तयार बिड्या मोजून न्याव्यात. वहीत नाव आईचे. मुलाची बोटे कोणत्याच नोंदीत नसत.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच नोकऱ्यांत बंदी केली. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामास हातभार लावण्याची, धोकादायक कामे सोडून, मुभा मात्र राहिली.

कायदा निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्याच्या ओसरीवरून त्याने मुलांना उठवले. परंतु घरात शिरण्यास तो कचरला, आणि कचरण्याचे कारणही खरे होते: त्या घराच्या मिळकतीत मुलाच्या कष्टांचा वाटा होता. म्हणून मुलाला सुपापासून सोडवायचे, तर आईच्या हजार बिड्यांना घर चालेल एवढा दाम मिळाला पाहिजे. तसे झाले नाही, तर कितीही कायदे झाले तरी ते उंबरठ्याबाहेरच थांबतील.