कोकण किनाऱ्याचे वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावर एकट्याने फिरायचे तर आधी महिना ठरवावा, मग मार्ग. हा या किनाऱ्याचा जुना नियम आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ इजिप्तहून भारताकडे जुलैच्या सुमारास निघायला सांगतो, म्हणजे पावसाचा जोर ओसरताना चौलसारखी बंदरे गाठता येत. पुढे वाफेची जहाजे आली, तरी मुंबई-गोवा बोटी पावसाळ्यात बंदच राहत. कोळी बांधव आजही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नव्या हंगामाचा आरंभ करतात.

इंजिनाने मोसमाची सत्ता संपवली, असे कोणी म्हणेल. पण १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १९९८मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वेही पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. यंत्रामुळे प्रवास बारमाही झाला. तरी त्याची गती पाऊसच ठरवतो. अडचणीत सोबती नसलेल्या प्रवाशाने तर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आधी मानावे आणि मगच तिकीट काढावे.