माळ्यावरचे भाडेकरू : न्यूयॉर्कच्या सोहोची गोष्ट

आपल्याकडे ‘लॉफ्ट’ म्हटले की स्वयंपाकघरातला माळा आठवतो. जुनी पातेली, ट्रंका आणि वर्षातून एकदाच खाली येणारा आकाशकंदील ठेवण्याची ती जागा. न्यूयॉर्कमध्ये मात्र लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा किंवा वखारीचा अख्खा मजला : उंच छत, मोठ्या खिडक्या, मधे एकही भिंत नाही. अशा मजल्यांवर लोक भाड्याने राहू लागले तेव्हा कायद्याच्या लेखी ते तिथे राहतच नव्हते. त्यांना भाडेकरू म्हणून मान्यता मिळायला दोन दशके लागली. वाड्यात भाड्याने वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना या इतिहासातला मूळ प्रश्न ओळखीचा वाटेल : ज्याने पडीक जागा राहण्याजोगी केली, त्याचा तिच्यावर हक्क किती?

मॅनहॅटनमध्ये हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेला असलेला भाग तो सोहो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाच्या इमारती उभ्या राहिल्या. खांब आणि कमानी ओतशाळेत साच्यातून काढायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या, अशी ही पद्धत. ब्रॉडवे आणि ब्रूम रस्त्याच्या कोपऱ्यावरील हॉवाट यांच्या दुकानात १८५७ साली ओटिस यांची प्रवासी लिफ्ट बसली. खाली दुकान आणि वर कापड-कपड्यांचे कारखाने व वखारी, अशी या भागाची घडी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटू लागली. अरुंद रस्ते आणि मजल्यामजल्यांवर विभागलेले काम कारखानदारांना परवडेना. ते शहराबाहेरच्या ऐसपैस जागांकडे वळले. आगी इतक्या लागत की अग्निशमन दलात या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत. तेथून मोठा द्रुतमार्ग काढण्याची योजना रॉबर्ट मोझेस यांनी लावून धरली होती. ज्या भागावर असा रस्ता येणार, तिथल्या इमारतींवर कोण पैसे घालणार? नगररचनाकार चेस्टर रॅपकिन यांनी १९६३ च्या अहवालात दाखवून दिले की येथे छोटे उद्योग अजून चालू आहेत आणि त्यांवर अनेक कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन कामगारांची चूल पेटते. जेन जेकब्ज आणि स्थानिक रहिवाशांच्या विरोधानंतर १९६९ साली द्रुतमार्गाची योजना सोडून देण्यात आली.

दरम्यान रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार आले होते. मोठ्या कॅनव्हासला मोठी जागा लागे आणि भाडे कमी होते. करारनामा व्यापारी वापराचा असे. मालकाला ते तिथे झोपतात हे ठाऊक असे, पण पडून राहिलेल्या मजल्याचे भाडे येत असल्याने तो काणाडोळा करी. संडास, मोरी, वीजजोडणी, स्वयंपाकाचा ओटा हे सारे भाडेकरूने आपल्या खर्चाने करायचे. कारखान्याची वेळ संपली की हीटर बंद. तपासनीस येणार असे कळले की बिछाना लपवायचा. १९६१ पासून काही इमारतींच्या दारावर ‘ए. आय. आर.’ ही अक्षरे आणि मजल्याचा क्रमांक दिसू लागला. आग लागल्यास वर कलावंत राहतो, हे बंबवाल्यांना कळावे म्हणून ती पाटी होती.

१९७१ मध्ये शहराने प्रमाणपत्रधारक कलावंतांना सोहोत राहण्याची मुभा दिली आणि १९७३ मध्ये हा भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित झाला. इमारती वाचल्या, पण आता त्यांना भाव आला. कलादालने आली, त्यामागे पैसेवाले आले आणि मालकांना तो जुना करारनामा आठवला : जागा राहण्यासाठी दिलीच नव्हती! भाडेकरूने ज्या श्रमांनी मजल्याची किंमत वाढवली, तीच किंमत त्याला बाहेर काढू लागली.

यावर न्यूयॉर्क राज्याने १९८२ मध्ये लॉफ्ट कायदा केला. १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या काळात ज्या व्यापारी इमारतीत किमान तीन कुटुंबे स्वतंत्रपणे राहत होती, तेथील भाडेकरूंना संरक्षण मिळाले. इमारत निवासयोग्य करण्याची जबाबदारी मालकावर आली. भोगवटा प्रमाणपत्राविना भाडे वसूल करण्याची अडचण होती, तीही त्याच्यापुरती सुटली.

त्यातली एक तरतूद आपण लक्षात घ्यावी. जागा सोडणारा भाडेकरू आपण केलेली मोरी, ओटा, वीजजोडणी येणाऱ्याला विकू शकतो. मात्र ती विकत घेण्याचा पहिला हक्क मालकाचा. मुंबईची पागडी येथे आठवते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली पागडी बेकायदा होती, तरी सर्रास चाले; १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने तिला मान्यता दिली. पागडी ताब्यासाठी मोजली जाई. लॉफ्ट कायद्याने भाडेकरूच्या हातच्या कामाला किंमत दिली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

तरीही या कायद्याने कोणाला वाचवले? ठराविक तारखांना जे आत होते, त्यांना. नंतर आलेल्या तरुण चित्रकाराला सोहो परवडेनासे झाले. रॅपकिन यांनी ज्यांच्या रोजगाराची नोंद केली त्या कामगारांसाठी तर अशी कोणतीही तारीख कधीच ठरली नाही. २०२१ मध्ये सोहोचे नियम पुन्हा बदलले. नव्या बांधकामात परवडणाऱ्या घरांचा वाटा ठेवण्याचे बंधन आले. जुन्या वाड्यांच्या जतनाविषयी आपण बोलतो तेव्हा लाकडी खांब आणि कोरीव महिरपींची यादी आधी होते. त्या यादीच्या पहिल्या पानावर आत राहणाऱ्यांची आणि काम करणाऱ्यांची नावे लिहावीत, एवढेच सोहोच्या अनुभवावरून सुचवतो.