अरस्तूचे खत

उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हा मंडळींना अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल आणि त्याचा शागीर्द सिकंदर लहानपणापासून ओळखीचे. अरस्तूने सिकंदराला वक्तृत्वकलेवर ग्रंथ लिहून पाठवला असे कोणी म्हटले, तर आम्ही लगेच मान डोलावतो. असा एक ग्रीक ग्रंथ आहेही. त्याच्या आरंभी अरस्तूचे सिकंदराला खत आहे, आणि हे पुस्तक भलत्याच्या हाती पडू देऊ नकोस अशी ताकीदही त्यात आहे. शतकानुशतके नकलनवीस हे पुस्तक अरस्तूचे म्हणून उतरवत आले.

पण खत संपवून आत शिरले की अरस्तू ओळखू येत नाही. वक्तृत्वावरचा त्याचा निर्विवाद ग्रंथ वेगळा आहे. त्यात तर्काचा पाया आहे, श्रोत्यांच्या रागलोभाची चिकित्सा आहे. इथे सारा कारभार वकिली. साक्षीदार आपला असेल तर काय बोलावे, विरुद्ध पक्षाचा असेल तर काय. शपथ आपल्या बाजूची असेल तर तिचे वजन कसे वाढवावे, नसेल तर कसे उतरवावे.

१५४८ मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएरो वेत्तोरीने खरा लेखक अनॅक्सिमिनीज असल्याचे मांडले. लँप्सॅकसचा हा इतिहासकार आणि वक्तृत्वशिक्षक अरस्तूचा समकालीन. आधार होता क्विंटिलियन या पहिल्या शतकातील रोमन शिक्षकाचा. तो लिहितो की अनॅक्सिमिनीजने भाषणाचे दोन वर्ग आणि सात प्रकार मानले: प्रवृत्त करणे, परावृत्त करणे, स्तुती, निंदा, आरोप, बचाव आणि छाननी. हेच सात प्रकार आपल्या पुस्तकात आहेत. मात्र हस्तलिखितांत वर्ग तीन! आणि तीन वर्ग ही तर अरस्तूची प्रसिद्ध मांडणी. पाचव्या शतकातला सिरियानस हा ग्रंथ अरस्तूचाच समजतो, पण वर्ग दोनच सांगतो. म्हणजे पुस्तक अरस्तूचे वाटावे म्हणून पुढे कोणीतरी दोनाचे तीन केले, असा अनेक अभ्यासकांचा तर्क. आम्हालाही तो पटतो. १८४४ मध्ये स्पेंगेलने ग्रंथ अनॅक्सिमिनीजच्या नावानेच छापला.

पुढे इजिप्तमधील हिबेह येथे या ग्रंथाचे पपायरसवरचे तुकडे मिळाले. ते १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इ.स.पू. तिसऱ्या शतकातले, त्यामुळे ग्रंथ उत्तरकाळातली बनावट नाही, हे ठरले. पण आरंभीचा भाग त्यांत उरलेला नाही. लेखकाचे नाव कळेना ते कळेनाच.

यावर युनानी लोकांना हसण्याआधी आपले घर पाहावे. हदीस ऐकली की आमच्याकडे आधी सनद विचारतात, रावी पारखतात. अरस्तूच्या बाबतीत मात्र हे काटेकोरपण टिकले नाही. नवव्या शतकात अल-हिम्सीने भाषांतर केलेला आणि अल-किंदीने सुधारलेला ‘उसूलूजिया’ अरस्तूचा म्हणून चालला. वास्तविक तो तिसऱ्या शतकातल्या प्लोटायनसच्या लेखनावर बेतलेला. इब्न सिनाने त्याबद्दल संशय नोंदवला, तरी तो वाचला गेलाच. ‘अरस्तूने म्हटले आहे’ म्हणत आम्हीही फळ्यावर कितीतरी वाक्ये लिहिली आहेत, न तपासता.

अनॅक्सिमिनीजची एक हकीकत पॉसेनियस या प्रवाशाने नोंदवली आहे. थिओपॉम्पस या इतिहासकाराशी त्याचे वैर होते. त्याने थिओपॉम्पसच्या शैलीची हुबेहूब नक्कल करून अथेन्स, स्पार्टा आणि थीब्ज यांना शिव्या देणारे पुस्तक लिहिले आणि त्याच्याच नावाने शहरोशहरी पाठवले. लिहिले याने, ग्रीसभर द्वेष वाट्याला आला थिओपॉम्पसच्या.

त्याच माणसाचे पुस्तक पुढे परक्या नावाने फिरत राहिले. सगळ्यांचे अजूनही एकमत नाही. काही अभ्यासक अनॅक्सिमिनीजवर ठाम आहेत. काही सावध आवृत्त्यांवर अरस्तूचेच नाव असते, फक्त कंसात.